मोजून मापून

मद्याविषयी मराठीत लिहावयास बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी सुधाकर उभा असतो आणि डाव्या हाताशी तळीराम. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. तरी अजूनही मध्यमवर्गीय घरात जाड बुडाचा बुटका काचपेला दृष्टीस पडला की पाहुण्यांच्या डोळ्यांत सिंधूविषयीची करुणा तरळू लागते. आमच्या घरी अशा पेल्यांची एक जोडी आहे. ती माळ्यावर किंवा पुस्तकांच्या मागे दडवलेली नसून दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, मुलांना शाळेत मिळालेल्या ढालींच्या शेजारी, सर्वांस दिसेल अशी ठेवलेली आहे. तिच्या जवळच व्हिस्कीची एक बाटली, एक लहानसे मापाचे भांडे आणि एक शिसपेन्सिल असते. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवतो, त्यामुळे पाहुण्यांचे नवल काहीसे कमी होते. इंग्रजी शिकलेला मनुष्य आज ना उद्या या थराला जावयाचाच, ही आमच्या आजोबांच्या पिढीची समजूत अद्याप पुरती मावळलेली नाही. पेन्सिलीविषयी मात्र सारे विचारतात, आणि आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेतो.

या प्रकरणाचा आरंभ आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने केला. अमेरिकेहून परतताना त्याने गुरुदक्षिणा म्हणून दोन बाटल्या आणल्या. एक मोठी, बर्बन नावाच्या तिकडच्या व्हिस्कीची. दुसरी बोटभर उंचीची, कडू अर्काची. या दुसरीचे कागदी वेष्टन बाटलीहून मोठे होते आणि तिच्या गळ्याभोवती वर आलेले होते. लहान मुलाने बापाचा सदरा अंगात घालावा, तसे तिचे ध्यान दिसत होते. पुढे कळले की ते वेष्टन मुळात चुकून मोठे छापले गेले आणि पुढे तीच त्या मालाची ओळख होऊन बसली, असे सांगतात. छपाईतील चुकीने कोणाचे भले झाल्याचे हे एकच उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. आमच्या स्वतःच्या पुस्तकांतील मुद्रणदोषांनी आजवर असे काही साधलेले नाही.

बर्बन म्हणजे काय, हे त्या विद्यार्थ्याने आम्हास पाठ म्हणून दाखविले. धान्यांपैकी निदान एक्कावन टक्के मका हवा, आणि ते मद्य आतून जाळून काळ्या केलेल्या, अगदी नव्या ओकच्या पिंपात मुरलेले हवे, असा तिकडचा कायदा आहे. स्कॉटलंडातील व्हिस्कीस तीन वर्षे पिंपात काढल्यावाचून ते नावच लावता येत नाही. आपल्याकडील पुष्कळशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बेतलेली असते, आणि युरोपात ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तथापि अलीकडे बंगळूर व गोवा येथे जवाच्या माल्टपासून निघणारी व्हिस्की उत्तम असते, अशी जाणत्यांची साक्ष आहे. पिंपात मुरताना मद्याचा जो अंश वाफ होऊन उडून जातो, त्यास तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के असतो, बंगळूरच्या हवेत तो दहा टक्क्यांच्याही पुढे जातो. आपल्याकडील देवदूतांची तहान मोठी. हे वाक्य आम्ही चारचौघांत पुष्कळदा म्हणून टाळ्या घेतल्या आहेत. ते पुढे आमच्याच अंगावर आले, ती हकीकत यथावकाश येईल.

बाटली आली खरी, परंतु आठ महिने तिचे बूच उघडले नाही. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो आणि अशा कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. पैकी वयाची अट आम्ही दुपटीहून अधिक पाळली होती आणि परवानाही काढला. अडचण कायद्याची नव्हतीच. आमच्या पत्नीने बाटलीकडे पाहिले, काही क्षण ती गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "अहो, ही घरात राहायची असेल तर समोर राहील. पुस्तकांच्या मागे नाही, कपड्यांच्या खाली नाही. आणि जे काही कराल ते माझ्या देखत, मोजून."

या अटी आम्हास त्या वेळी सौम्य वाटल्या. त्या कोठून आल्या हे आम्हास ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि कळणे यांत अंतर असते.

मोजण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. कॉकटेल या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका पत्रात, १३ मेच्या अंकात, आढळते. कोणा वाचकाने हा शब्द म्हणजे काय असे विचारले, आणि संपादकाने उत्तर दिले की कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल. चारच वस्तू. पुढे शतकभरात पिठेवाल्यांनी त्यात नाना रंगांची गोड मद्ये, फळे आणि फुले घालून त्याचा पार गणपती करून टाकला, तेव्हा जुने गिऱ्हाईक कंटाळून म्हणू लागले, 'आम्हास आपले जुन्या पद्धतीचेच द्या.' तेच 'ओल्ड फॅशन्ड' हे त्या पेयाचे नाव होऊन बसले. नाव ऐकताच आम्हास ते आपले वाटले. गेली कित्येक वर्षे विद्यार्थी आमच्या पाठीमागे आमच्याविषयी हाच शब्द वापरीत आले आहेत.

कृती थोडी आहे. साठ मिलिलिटर बर्बन, लहान चमचाभर पाक, कडू अर्काचे दोन थेंब, बर्फाचा मोठा तुकडा. अर्धा मिनिट ढवळायचे आणि वरून संत्र्याच्या सालीची चकती पिळायची, म्हणजे सालीतील तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर बसतो. साखरेऐवजी आम्ही कोल्हापुरी गुळाचा पाक घालून पाहिला. जळक्या लाकडाचा वास अंगी मुरलेल्या बर्बनशी गुळाचे जे सूत जुळते, ते पाहून गुऱ्हाळावरच्या काहिलीची आठवण येते. साल नागपुरी संत्र्याची घेतली तर ती पातळ आणि सैल असल्यामुळे पिळताना तुटते. पण तिचा वास असा की तुटल्याचे दुःख होत नाही.

कडू अर्काची गोष्ट निराळीच. सीगर्ट नावाचा एक जर्मन शस्त्रवैद्य बोलिव्हारच्या सैन्याबरोबर व्हेनेझुएलात गेला होता. तेथे अँगोस्टुरा या गावी त्याने १८२४ साली पोटाच्या विकारांवर हे औषध सिद्ध केले. त्या गावाचे नावही पुढे बदलले आणि कारखानाही त्रिनिदाद बेटावर गेला, पण बाटलीवर जुन्या गावाचे नाव राहिले. आमच्या मातुःश्री त्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामास होत्या. त्यांनी ती लहान बाटली हुंगली आणि निःशंकपणे निर्णय दिला, "हे तर आपले काडेचिराईत!" आम्ही हसलो, पण वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यास विचारता त्याने सांगितले की या अर्कात जेन्शन नावाचे जे मूळ असते, ते आणि आपले काडेचिराईत ही एकाच कुळातील आहेत. ऐंशी वर्षांच्या नाकाने जे एका श्वासात ओळखले, त्यास आम्हास एक प्राध्यापक आणि दोन ग्रंथ लागले.

उपकारांची ही देवघेव एकतर्फी नाही. 'पंच' हे इंग्रजांचे पेय आपल्या 'पाच' या शब्दावरून निघाले, असे पुष्कळ व्युत्पत्तिकार मानतात. काहींस ते मान्य नाही. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे पेय तेथील इंग्रज वखारवाले पितात अशी नोंद केली आहे. 'टॉडी' तर उघड उघड आपली ताडी. ती विलायतेस जाऊन व्हिस्की, ऊन पाणी, मध, लिंबू आणि लवंग असा पोशाख करून बसली. सासरी जाऊन आलेली मुलगी ओळखू येऊ नये, तसा प्रकार.

सगळेच प्रयोग साधले असे नाही. व्हिस्की सावर नावाच्या पेयात व्हिस्की, लिंबाचा रस व पाक यांबरोबर फेसासाठी अंड्याचा पांढरा बलक घालतात. आमच्या स्वयंपाकघरात अंड्यास प्रवेश नाही. त्यावर तोड अशी निघाली आहे की काबुली चणे शिजविलेले पाणी घालावे, तेही तसेच फेसाळते. पुरणपोळीच्या दिवशी डाळीच्या कटाची आमटी करणाऱ्या समाजाला हे आधी कसे सुचले नाही, याचे नवल वाटते. आता ज्यात लिंबू किंवा फेसाचे द्रव्य असेल ते पेय खळखळून हलवायचे आणि ज्यात केवळ मद्ये असतील ते शांतपणे ढवळायचे, हा नियम आहे; कारण हलविल्याने हवा मिसळते व पेय गढूळ होते. त्यासाठी झाकणाचा धातूचा पेला मिळतो. तो आमच्यापाशी नव्हता. आम्ही जेवणाचा पोलादी डबा घेतला, बर्फ व सारे साहित्य आत घालून झाकण दाबून बसविले आणि प्राणपणाने हलविला. हलविल्यावर डबा उघडेना. आतली हवा गार होऊन आकसली होती आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरीत होती. हे शास्त्र आम्हास नंतर समजले. त्या वेळी आम्ही डबा ओट्यावर आपटीत होतो. पत्नीने तो आमच्या हातातून घेतला, झाकणावर कोमट पाण्याची धार धरली आणि उघडून परत दिला. ओट्यावरचा पोचा अजून आहे.

बर्फाने पेयात पाणी होते, अशी तक्रार करणारे लोक आम्हास भेटतात. वस्तुतः ते होण्यासाठीच तो घालायचा. बर्फ वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणूनच पेय गार होते. मद्यार्कामुळे ते शून्य अंशाच्याही खाली उतरू शकते. अर्ध्या मिनिटाच्या ढवळण्यात साठाचे सुमारे पाऊणशे मिलिलिटर होतात. १८०६ च्या त्या व्याख्येत पाणी हे उगाच नव्हते. साखर, कडवटपणा आणि मद्य यांची तोंडे एकमेकांकडे वळविण्याचे काम तेच करते.

मराठीत पिण्याची सारी भाषा मापाची आहे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आली. नवटाक, पावशेर, चपटी, क्वार्टर, खंबा. पहिली दोन जुनी वजने, पुढचे सारे बाटल्यांचे आकार. जो मनुष्य मोजत नाही, त्याचे नाव मात्र मापावरून पडते. 'तो पावशेर मारून आला आहे' असे म्हणताना पावशेर मोजून कोणी पाहिलेला नसतो.

येथे आरोग्याचा मुद्दा काढणारे वाचक असतील, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. मद्याचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले. चरकसंहितेत मदात्ययाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मद्य कोणत्या विधीने प्यावे हेही आहे आणि अतिपानाने होणाऱ्या रोगांची चिकित्साही आहे. पूर्वी आम्ही वादात त्यातला पहिला भाग तेवढा सांगत असू. आता वाद घालत नाही. शनिवारी एक पेला घेतो आणि तो आरोग्यासाठी घेतो असे म्हणत नाही.

आमचे सासरे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव गरीब. ते पीत. बाटली स्वयंपाकघरातील तांदळाच्या पिंपात, तांदळाखाली असे. कारण तेथे कोणी पाहणार नाही असा त्यांचा समज होता, आणि तांदूळ रोज त्याच पिंपातून काढणाऱ्या सासूबाईंनी तो समज बरीच वर्षे राहू दिला. पुढे त्या बाटलीवर कोळशाची बारीक रेघ ओढून ठेवू लागल्या. सायंकाळी त्या आमच्या पत्नीस, म्हणजे त्या वेळच्या नऊ वर्षांच्या मुलीस, पिंपात हात घालून रेघ कोठे आहे हे पाहावयास सांगत. ती बाटली बाहेर काढी, खिडकीशी धरी आणि येऊन बोटाने दाखवी, 'इतके.' एके दिवशी सासूबाईंनी नवऱ्याला त्याबद्दल विचारले. त्या दिवसापासून रेघ कधी खाली गेलीच नाही. बाटली नेहमी रेघेपर्यंत भरलेली. फक्त तिचा रंग दिवसेंदिवस फिका होत चालला. हे प्रथम त्या मुलीच्या ध्यानात आले. तिने ते आईस सांगितले नाही. सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काविळीचे निमित्त होऊन गेले.

ही हकीकत आम्हास लग्नानंतर पहिल्या वर्षीच कळली होती. तिच्याविषयी आम्ही दोन-तीनदा फार चांगले बोललोही होतो.

पहिली बाटली साडेसातशे मिलिलिटरची होती. शनिवारी एक पेला, म्हणजे बारा शनिवार आणि वर अर्धा पेला. आम्ही मोजीत होतो, पत्नी समोर काहीतरी शिवीत वा वाचीत बसत असे, आणि सारे यथास्थित चालले होते. पावसाळ्यात ती चार दिवस बहिणीकडे गेली. मंगळवारी रात्री आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो. पाऊस कोसळत होता, आणि पत्रिका अशा होत्या की त्यांविषयी न बोललेले बरे. आम्ही उठलो आणि एक पेला केला. मापाचे भांडे धुऊन पालथे घातलेले होते. ते न घेता अंदाजाने ओतले. थोड्या वेळाने दुसरा ओतला. त्यात पाक नव्हता, कडू अर्क नव्हता, साल नव्हती. कृतीची कोणतीच पायरी नव्हती. आम्ही उभ्याउभ्याच प्यालो, कपाटाकडे तोंड करून. घरात दुसरे कोणीही नसताना खोलीकडे पाठ का केली, हे आम्हास अद्याप सांगता येत नाही.

ती परत आली. पुढच्या शनिवारी आम्ही बाटली काढली, तेव्हा वेष्टनाच्या कडेला शिसपेन्सिलीची एक बारीक खूण दिसली. तिच्या वर आणखी एक. तिच्याही वर एक. सर्व खुणा सारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मद्य मात्र शेवटच्या पायरीच्या तीन बोटे खाली होते.

प्रथम आम्हास संताप आला. मनुष्य रंगेहाथ सापडला की त्याला आपल्या स्वातंत्र्याची आठवण होते. आम्ही विचारले, "ही खूण तू केलीस?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मग मधल्या आठवड्यातले दिसले असेल."

"आल्या आल्या दिसले."

"विचारले का नाहीस?"

तिने हातातले शिवण खाली ठेवले. "आईने विचारले होते," ती म्हणाली. "विचारल्यावरच बाबा पाणी घालायला लागले."

बंगळूरच्या देवदूतांचे वाक्य जिभेवर आले होते, ते तेथेच राहिले. त्या शनिवारी आम्ही पेला केला नाही. मंगळवारची हकीकत मात्र सांगितली. किती ओतले ते अंदाजानेच सांगावे लागले, कारण मोजले नव्हते. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "उभ्याने?" आम्ही होय म्हटले. ती काही बोलली नाही, पण रात्री बराच वेळ जागी होती.

पुढे कधीतरी तिच्यासाठी एखादे बिनव्हिस्कीचे पेय करावे असे आमच्या मनात आले. लिंबू, गुळाचा पाक, सोडा आणि त्या लहान बाटलीतील दोन थेंब. रंग सुरेख आला. पेला तिच्या हाती देण्यापूर्वी आम्हास आठवले की त्या अर्कातही शेकडा चव्वेचाळीसहून अधिक मद्यार्क असतो. दोन थेंबांनी काही होत नाही, हे खरे; न सांगितले असते तर कळलेही नसते. आम्ही सांगितले. तिने पेला परत आमच्या हाती दिला. "सांगितलेत ते बरे केलेत," ती म्हणाली, आणि उठून फडताळातून काडेचिराइताची पुडी काढली. त्याच्या चार काड्या रात्रभर पाण्यात भिजवून, त्या पाण्याचा चमचाभर अंश लिंबू, गूळ व सोडा यांत घालून ती आता शनिवारी आपला पेला स्वतः करते. आम्ही चव पाहिली. कडूपणात ते आमच्या पेल्यास हार जाणारे नाही.

शिसपेन्सिल कपाटात आली ती त्यानंतर. पेला ओतून झाला की बाटलीवर खूण आम्ही करतो आणि तीपुढे तारीख ती घालते. अक्षर तिच्या वडिलांच्या वळणाचे आहे. पहिली बाटली संपली, त्या दिवशी ती रद्दीवाल्याला देण्यासाठी दाराशी ठेवली होती. रद्दीवाला आला तेव्हा पाहिले, तर बाटली पाण्यात भिजवून तिचे वेष्टन सोडवून घेतलेले होते. ते कोठे ठेवले आहे, हे आम्ही विचारलेले नाही.